दप्तरातून गावाचा इतिहास: छोट्या गावाच्या कारभाराची हकिकत कशी लिहावी

महाराष्ट्रातील छोट्या बाजारगावांवर गावकऱ्यांनीच लिहिलेल्या पुस्तिका वाचल्या, तर त्यांतील बहुतेक ग्रामदैवताच्या आख्यायिकेने सुरू होतात, एखाद्या राजाच्या किंवा संताच्या मुक्कामापाशी रेंगाळतात आणि तेथून थेट आजच्या पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांवर येतात. मधल्या दीड-दोनशे वर्षांत सार्वजनिक विहीर कोणी खोदली, आठवडे बाजाराची जागा कोणी ठरवली, घरपट्टी पहिल्यांदा केव्हा बसली, नळाचे पाणी कोणत्या आळीला सर्वांत शेवटी पोहोचले आणि का, यांतले काहीच हाती लागत नाही. वास्तविक गाव घडते ते याच निर्णयांनी. हे निर्णय कागदावर उतरलेले असतात आणि ते कागद अजूनही बऱ्याच ठिकाणी कपाटात, माळ्यावर किंवा रुमालात बांधलेले मिळतात. ते शोधावेत कसे, वाचावेत कसे आणि त्यांतून गावाची सलग हकिकत कशी उभी करावी, हे ज्याला आपल्या गावाविषयी लिहायचे आहे त्याच्यासाठी पुढे मांडले आहे.

आधी गाव कोणाच्या राज्यात होते ते ठरवावे

कामाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी: १९४७ साली हे गाव कोणाच्या अमलाखाली होते? आजचा महाराष्ट्र १ मे १९६० रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचे तुकडे वेगवेगळ्या राजवटींत होते आणि प्रत्येक राजवटीचे कायदे, दप्तराची भाषा व अधिकाऱ्यांची नावेही वेगळी होती. देश, कोकण आणि खानदेशातील बहुतेक गावे मुंबई इलाख्यात होती. विदर्भ मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होता. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. याशिवाय कोल्हापूर, सांगली, फलटण, भोर, औंध, जत, सावंतवाडी अशी संस्थाने मध्ये मध्ये विखुरलेली होती, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांचे जुने कागद दोन निराळ्या कचेऱ्यांत सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

हे ठरवले नाही तर पुढचा सारा शोध चुकीच्या दाराशी जातो. मुंबई इलाख्यातील गावात पाटील, कुलकर्णी आणि नंतर तलाठी दिसतील. वऱ्हाडात व मराठवाड्यात पटवारी दिसेल. नागपूरकडच्या जिल्ह्यांत मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारे जमीनदार, आणि त्यांनी बांधलेले तलाव दिसतील, ज्यांना तिकडे आजही मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. ग्रामपंचायतीचा इतिहासही प्रदेशाप्रमाणे बदलतो. मुंबई इलाख्यात १९२० आणि १९३३ साली ग्रामपंचायतींचे कायदे झाले, मध्यप्रांतात १९२० आणि १९४६ साली झाले, तर हैदराबाद राज्यात असा कायदा १९५६ साली झाला. औंध संस्थानाने १९३९ सालीच आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन कारभाराचा पाया गावपंचायतींवर ठेवला होता; ज्यांचे गाव पूर्वी औंधात होते त्यांनी या प्रकरणाला आपल्या लेखनात स्वतंत्र जागा द्यावी, कारण असे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला आले.

गावाचे नावही याच टप्प्यावर नीट पाहावे. जुन्या कागदांत ‘मौजे’ म्हणजे शेतीचे साधे गाव आणि ‘कसबे’ म्हणजे परगण्याचे मुख्य, बाजारपेठ असलेले गाव. गावाच्या नावामागे ‘कसबे’ लिहिलेले आढळले, तर तेथे पाटील-कुलकर्ण्यांबरोबर पेठेचे वतनदार, म्हणजे वंशपरंपरागत हक्कदार, शेटे आणि महाजन होते का, हे जरूर शोधावे. पेठ वसवणे, दुकानदारांना जागा देणे आणि बाजारातील तंटे पाहणे ही कामे त्यांच्याकडे असत. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे शब्द फारसीतील बुजुर्ग आणि खुर्द, म्हणजे थोरले आणि धाकटे, यांवरून आले आहेत. तेव्हा आपले गाव बुद्रुक असेल तर त्याची खुर्द जोडी कोठे आहे आणि ती केव्हा वेगळी झाली, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

पंचायतीचे दप्तर

माझ्या मते शोधाचा खरा आरंभ ग्रामपंचायतीच्या कार्यालयातच व्हावा, दूरच्या पुराभिलेखागारात नव्हे. कार्यालयाच्या भिंतीवर सरपंचांच्या नावांचा आणि कारकिर्दींचा फलक असतो. तो प्रथम उतरवून घ्यावा, परंतु त्यावर विश्वास ठेवू नये. अशा फलकांवर प्रशासकाच्या कारभाराचा काळ बहुधा गाळलेला असतो, मध्येच पद सोडावे लागलेल्या सरपंचाचे नाव राहून जाते आणि वर्षे मागाहून आठवणीने भरलेली असतात. फलकावरील प्रत्येक ओळ सभेच्या कार्यवृत्ताशी ताडून पाहणे हेच पहिल्या काही आठवड्यांचे काम समजावे.

कार्यवृत्ताची नोंदवही हा गावाच्या इतिहासाचा कणा आहे. तिच्यात सभेची तारीख, हजर सदस्य, ठरावाचा क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि ठराव सर्वानुमते झाला की बहुमताने, एवढे तरी असतेच. वाचताना चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, एकच विषय किती वर्षे पुन्हा पुन्हा येतो. पाण्याच्या टाकीचा ठराव दहा वर्षांत पाच वेळा झाला असेल, तर टाकी बांधल्याच्या तारखेपेक्षा ती दहा वर्षे का अडली हीच मोठी गोष्ट आहे. दुसरी, कोणत्या सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते आणि तेवढेही लोक कधी जमले व कधी जमले नाहीत, यावरून गावाचा कल कळतो. तिसरी, बहुमताने झालेले ठराव, कारण मतभेद तेथेच नोंदला जातो. चौथी गोष्ट हजेरीच्या सह्या. स्त्री-सदस्यांच्या नावापुढे अंगठा आहे की सही, ती कोणत्या वर्षापासून बदलली, ठरावाच्या सूचक म्हणून एखाद्या स्त्रीचे नाव पहिल्यांदा केव्हा आले, हे पाहिल्यावर आरक्षणाचा इतिहास नुसत्या कायद्याच्या कलमांपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो.

हे वाचण्यासाठी कायद्याचा सांगाडा डोळ्यांपुढे असावा लागतो. आजची ग्रामपंचायत १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर उभी आहे. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात त्रिस्तरीय व्यवस्था सुरू झाली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा अंमल २४ एप्रिल १९९३ पासून झाला. तिने नियमित निवडणुका, मागासवर्गीयांसाठी राखीव जागा आणि स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा बंधनकारक केल्या. महाराष्ट्रात स्त्रियांचा वाटा २०११ पासून निम्मा झाला. सदस्यसंख्या लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ असते, म्हणून तुमच्या गावाचे सदस्य ९ वरून ११ केव्हा झाले, हे लोकसंख्यावाढीचेही प्रमाण आहे. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ साली आली, २०२० साली रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा आली. त्या काळातील निवडी लिहिताना कोणती निवड जनतेतून झाली आणि कोणती सदस्यांतून, हे वेगवेगळे नोंदवावे.

कार्यवृत्तानंतर कराचे कागद पाहावेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरांची कर आकारणी असते आणि नमुना ९ मध्ये कराची मागणी. जुन्या आकारणी वह्या आळीवार लिहिलेल्या असल्या, तर घर मातीचे होते की विटांचे, छप्पर कौलारू होते की पत्र्याचे, हेही त्यांत मिळते. वीस वर्षांच्या अंतराने दोन वह्या शेजारी ठेवल्या की गाव कोणत्या दिशेने वाढले ते नकाशाशिवाय समजते. लेखापरीक्षणाचे अहवाल रूक्ष वाटतात खरे, पण लेखापरीक्षकाचे आक्षेप हेच कारभारातील अडचणींचे सर्वांत प्रामाणिक टिपण असते. मात्र आक्षेप निघाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे. आक्षेपाची पूर्तता पुढे झाली का, हे पाहिल्याशिवाय त्यावर एक वाक्यही लिहू नये.

गावात कधी नगरपालिका होती किंवा आता नगरपंचायत झाली असेल, तर मांडणी थोडी बदलते. मुंबई इलाख्यात लहान गावांतील म्युनिसिपालिट्या १८५० च्या कायद्याखाली निघू लागल्या आणि व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर त्यांत लोकनियुक्त सदस्य वाढले. यांतील काही लहान म्युनिसिपालिट्या पुढे बंदही झाल्या, म्हणून गावात आज ग्रामपंचायत आहे एवढ्यावरून पूर्वी म्युनिसिपालिटी नव्हती असे मानू नये. नगरपालिकेच्या जमाखर्चात जकातीची पाने विशेष पाहावीत. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद होईपर्यंत गावात कोणता माल किती येत होता, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. साधारण १०,००० ते २५,००० वस्तीच्या, खेड्याकडून शहराकडे सरकणाऱ्या गावासाठी नगरपंचायत असते आणि २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींचे रूपांतर नगरपंचायतींत झाले. असे रूपांतर झालेल्या गावात जुने दप्तर नव्या कार्यालयात आले की पंचायत समितीकडे गेले, याची चौकशी सर्वांत आधी करावी, कारण कागद हरवण्याचा सर्वाधिक धोका अशाच वेळी असतो.

दप्तर पाहण्यासाठी प्रथम सरळ लेखी विनंती करावी आणि आपला हेतू स्पष्ट सांगावा. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने काम होते. नाही झाले, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ आहेच: १० रुपये शुल्काचा अर्ज आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत. अर्जात ‘गावाची सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नये. नोंदवहीचे नाव व वर्षे लिहून अभिलेख पाहण्याची मागणी करावी, म्हणजे कार्यालयावर नकलांचा बोजा पडत नाही आणि आपल्यालाही हवी ती पाने स्वतः निवडता येतात.

महसुली कागद

पंचायतीच्या दप्तराला बहुधा सत्तर-ऐंशी वर्षांचीच खोली असते. त्यामागे जायचे तर तलाठी कार्यालय, तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालय गाठावे. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विनगेट यांच्या पद्धतीची मोजणी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली आणि पुढे गावोगाव पसरली. त्या मोजणीतून झालेला गाव नकाशा आणि आकारबंद, म्हणजे प्रत्येक शेताचे क्षेत्र व साऱ्याची नोंद, मिळवला, तर शेत क्रमांक, गावठाण, ओढे, पाणंदी आणि इनाम जमिनी एका दृष्टीत येतात.

सातबारा सर्वांना माहीत असतो, पण इतिहासासाठी त्याहून मोलाची आहे ती गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. शाळेला जागा कोणी दिली, रस्त्यासाठी किती जमीन गेली, १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कोणत्या जमिनी कुळांच्या नावे झाल्या, वतने संपल्यावर काय घडले, हे सारे एकेका फेरफारात दोन-चार ओळींत नोंदलेले असते. परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. या तीन कायद्यांनंतरचे फेरफार सलग वाचले की गावातील सत्ता कोठून निघून कोठे गेली, ते दिसू लागते. मराठवाड्यातील गावांसाठी १९५४ चे खासरा पाहणी पत्रक पाहावे. त्याआधीचे बरेच कागद उर्दूत असल्याने जाणत्याची मदत घ्यावी लागेल. जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून शासनाने ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर ठेवण्याचे काम केले आहे, त्यामुळे घरबसल्याही थोडा शोध घेता येतो. गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी साथीच्या काळासाठी अमोल आहेत. १८९६ नंतरचा प्लेग किंवा १९१८ चा इन्फ्लुएंझा आपल्या गावात किती भयंकर होता, हे त्या रकान्यांची नुसती लांबी पाहूनही समजते.

मोडी आणि जुन्या तारखा

पेशवाईतील आणि इंग्रजी अमलाच्या आरंभीचे कागद मोडीत असतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर, कोल्हापूरचे पुराभिलेखागार, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ येथे गाववार कागद सापडू शकतात. मोडी शिकणे अवघड नाही, परंतु तीत शब्द न तोडता लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून व्यक्तीचे किंवा शेताचे नाव एकाच कागदावरून ठरवू नये. ताळेबंद, जमाबंदी (साऱ्याची आकारणी), थळझाडा (शेतवार जमिनींची यादी) आणि विशेषतः महजर हे कागद शोधावेत. महजर म्हणजे गोतसभेने, म्हणजे वतनदार व गावकऱ्यांच्या सभेने, तंट्याचा निर्णय करून दिलेला कागद, आणि त्याखाली हजर असलेल्यांची नावे निशाण्यांसह असतात: पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी. गावकारभारात प्रत्यक्ष कोण बसत होते, याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

तारखांचे गणित एकदा नीट शिकून घ्यावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीसाठी ७९ मिळवावे लागतात. मराठी कागदांत आढळणाऱ्या शुहूर सनात, ज्याचे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलते, ५९९ मिळवावे आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ६००. दख्खनी फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० किंवा ५९१ मिळवतात. शुहूर सन अरबी अंकनामांनी लिहीत, म्हणून ‘सन खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५, अर्थात इसवी १७७४-७५. लेखात मूळ तारीख जशीच्या तशी देऊन पुढे इसवी सन लिहावा, म्हणजे आपली चूक झालीच तर पुढच्या अभ्यासकाला ती दुरुस्त करता येईल.

छापील साधने, दगड आणि माणसे

मुंबई इलाख्याच्या जुन्या जिल्हा गॅझेटियरांत शेवटचे प्रकरण स्थळांचे असते. पुणे आणि सातारा यांचे खंड १८८५ चे, नाशिकचा १८८३ चा आणि खानदेशचा १८८० चा आहे. आपले गाव त्यात नसले तरी तालुक्याचे वर्णन, बाजारांची यादी आणि दुष्काळाची हकिकत मिळेल. मात्र जातींविषयीची त्यातील विधाने साहेबी नजरेची आहेत. ती उतरवून घेताना तसे सांगावे. गाववार लोकसंख्येसाठी १९५१ पासूनच्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका पाहाव्यात. शाळेचे जनरल रजिस्टर आणि शेरेबुक, विकास सोसायटीची जुनी इतिवृत्ते, यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

देवळाच्या आवारातील वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), सतीशिळा आणि दानलेख असलेले दगड सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात टिपावेत, म्हणजे झिजलेली अक्षरे उठून दिसतात. अक्षरांवर रंग, खडू किंवा तेल लावू नये.

वृद्धांशी बोलताना ‘कोणत्या साली?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा चुकते. ‘कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात ते काम चालू होते का?’ असे विचारावे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, आणि या खुणांवर आठवणी बरोबर बसतात. एकाच घटनेविषयी गावातील निदान तीन वेगवेगळ्या आळ्यांतील माणसांना विचारावे. हे मी आग्रहाने लिहितो, कारण जुने कागद पाटील-कुलकर्ण्यांनी लिहिलेले आहेत आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्यांचा आवाज त्यांत फक्त तक्रार, दंड किंवा वेठीच्या नोंदीतून येतो. महारवाड्याला सार्वजनिक पाणवठा केव्हा खुला झाला, हे कार्यवृत्तात एका ओळीत असेल किंवा नसेलही, पण त्या वस्तीतील आजीला तो दिवस आठवत असतो. ती आठवण घेतल्यावाचून गावाचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला येत नाही.

लिहिताना

मांडणी राजवटींप्रमाणे न करता कामांप्रमाणे करावी, असा माझा सल्ला आहे. पाणी, रस्ता, बाजार, शाळा, कर आणि निवडणूक, यांपैकी ज्या विषयाचे कागद भरपूर आहेत त्यापासून सुरुवात करावी आणि बाकीच्यांना मिळेल तेवढीच जागा द्यावी. प्रत्येक विधान कागदावरून आले, ऐकिवात आले की अनुमानाने काढले, हे वाक्यातच दिसू द्यावे: ‘ठरावात नोंद आहे’, ‘सांगतात’, ‘असावे’ हे तीन शब्दप्रयोग काटेकोरपणे वापरले तर वेगळ्या खुलाशाची गरज राहत नाही. आख्यायिका गाळू नये, पण आख्यायिका म्हणूनच द्यावी. हयात व्यक्तींची थकबाकी, जात-दाखल्यांचे तपशील किंवा घरगुती वाद छापू नयेत. कारभाराचा इतिहास सांगायला त्यांची आवश्यकता नसते.

पहिला खर्डा तयार झाला की तो छापण्याआधी ग्रामपंचायतीच्या परवानगीने ग्रामसभेपुढे आणि महिलांच्या सभेपुढे वाचून दाखवावा. आक्षेप निघतील, नावे सुटल्याचे कळेल आणि एखाद्या घरातून आजवर कोणी न पाहिलेला कागदही बाहेर येईल. त्या दुरुस्त्या तारखेसह नोंदवून, ज्या ज्या कागदांची छायाचित्रे घेतली त्यांचा एक संच गावच्या वाचनालयात आणि एक संच ग्रामपंचायतीत, प्रत्येक पानावर मूळ नोंदवहीचे नाव व वर्ष लिहून, जमा करावा.